पुस्तिका भिजल्यावर

लेगोच्या ताजमहालात ५,९२३ तुकडे असतात. सोबतच्या जाडजूड पुस्तिकेत बांधणीच्या सूचना चित्रे आणि क्रमांक यांतूनच दिलेल्या. त्यांत शब्द नाही. २०२० च्या टाळेबंदीत मुरुडच्या घरी, माजघरात, मुलगा तो बांधत होता. आयुष्यभर शब्दांच्या संहिता शिकवणारा मी त्याला विटा निवडून देत होतो.

आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणिती सांगतात. पुस्तिका त्यांतली एकच रचना निवडते. व्याकरण आणि संहिता यांतला भेद सांगायला याहून नेमका दाखला मला वर्गात सापडला नव्हता.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले. पोफळी मोडल्या, माजघरावरची कौले उडाली, पडवीची भिंत बसली. विटांना काही झाले नाही. पुस्तिकेचा लगदा झाला. वीज नव्हती, मोबाइलही बंद; त्यामुळे ती इंटरनेटवरून उतरवून घेणे अशक्य. ताजच्या चार बाजूंपैकी दोन उभ्या होत्या. मुलगा कंदिलाच्या उजेडात त्यांचे थर मोजू लागला. चारही बाजू सारख्या, त्यामुळे झालेली बाजू हीच उरलेल्या बाजूची पुस्तिका ठरली.

पुढे पडवीत गवंडीही तेच करत होता. पडलेले जांभ्याचे चिरे निवडून, उभ्या भिंतीचे थर पाहत, सांध्यावर सांधा येऊ न देता तो भिंत चढवत होता.

लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत हरवली आणि महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. त्यातून निर्माण झालेल्या पाठभेदांकडे आपण अभ्यासक बहुधा अडचण म्हणून पाहतो. हरवलेले पुन्हा उभारणाऱ्यांचे कष्ट त्यांत साठलेले असतात, हे मला त्या पावसाळ्यात उमगले.

संपर्क सुरू झाल्यावर आम्ही मूळ पुस्तिका मिळवून ताडून पाहिली. दर्शनी भाग जुळला. आतले, बाहेरून न दिसणारे थर वेगळे निघाले. बाहेरचे रूप पाहून उतरवता आले होते, आतला आधार मात्र मुलाला स्वतः रचावा लागला होता. “याला पाठभेद म्हणतात,” मी म्हणालो.

“मग राहू दे, बाबा,” तो म्हणाला. “घुमट त्याच्यावरच उभा आहे.”