कानाशी गाणारा गवई

लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवरून जुन्या पुस्तकांच्या दुकानांकडे निघालेल्या मनुष्याला एका इमारतीच्या भिंतीवर निळी गोल पाटी दिसते; आणि ज्या नगरीत अशा पाट्यांवर सेनापती, शास्त्रज्ञ आणि कादंबरीकार यांचीच नावे वाचण्याची डोळ्यांस सवय जडलेली असते, तेथे अल बोली नावाच्या एका नाचगाण्यातल्या गवयाचे नाव पाहून परदेशस्थास क्षणभर थांबावेसे वाटते. हा बोली मोझांबिकात जन्मला, जोहान्सबर्गमध्ये वाढला, तेथे काही काळ न्हाव्याचा धंदा करून वाद्यवृंदाबरोबर भटकंतीस निघाला, १९२६ च्या सुमारास आपल्या कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलातील वृंदात रुजू झाला, पुढे लंडनमध्ये कीर्तीच्या शिखरावर पोचला, आणि १९४१ च्या एप्रिलात आपल्या बिऱ्हाडात असताना बाहेर फुटलेल्या जर्मन सुरुंगाने मरण पावला. ध्वनिक्षेपकाच्या अगदी समीप उभे राहून, हलक्या आणि सलगीच्या स्वरात गाणाऱ्या ज्या गायकांना इंग्रज लोक क्रूनर म्हणतात, त्यांचा तो इंग्लंडातील एक आद्य पुरुष होय.

या जातीच्या गायकांवर त्या काळी जेवढा राग झाला तेवढा दरोडेखोरांवरही झाला नसेल. १९३२ साली बोस्टनच्या कार्डिनलने हे गाणे हीन आणि पुरुषास न शोभणारे आहे असा जाहीर निवाडा दिला. आणि १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, बीबीसीने पुरुष गायकांच्या निःसत्त्व गायनास मनाई करणारे फर्मान काढले. सैनिकांच्या मनोधैर्यास हे गाणे अपायकारक आहे, अशी त्यामागची समजूत.

गळ्याच्या ताकदीवर गवयाची किंमत ठरविण्याचा शिरस्ता आपल्याकडेही जुनाच. ज्या सोलापुरात माझे बालपण गेले, त्या गावचा सर्वांत प्रसिद्ध कवी रामजोशी हा फडावर उभा राहून डफाच्या साथीने लावणी ललकारणारा शाहीर. त्याच्या वारसांना हळू गाणे म्हणजे कच्चे गाणे वाटावे यात नवल नाही. आमच्या आजोबांचा ठरलेला दाखला १९२१ च्या जुलैतील संयुक्त ‘मानापमान’ नाटकाचा असे: मुंबईच्या बालीवाला नाटकगृहात टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व उभे राहिले, आणि कोणत्याही यंत्राच्या साहाय्यावाचून त्यांची पदे अखेरच्या रांगेतल्या मनुष्यापर्यंत पोचली. रेडिओवर भावगीत लागले की आजोबा म्हणत, “याला जेवायला घाला रे कुणीतरी!”

मला मात्र या हळू गाण्याचे मर्म फार लवकर उमगले, आणि त्याचे श्रेय संगीताला नसून कापडाला आहे. आमचे बिऱ्हाड गावाच्या पूर्व भागात, साखर पेठेच्या अलीकडे. गल्लीत पहाटेपासून यंत्रमागांची खटखट सुरू होई आणि ती थांबली म्हणजेच काहीतरी बिघडले असे आम्हांस वाटे. त्या कारखान्यांत डबा पोचवायला गेले की एक गोष्ट नजरेस येई: मागावरचा मुरलेला कामगार ओरडत नसे. ओरडण्याचा काडीचा उपयोग नाही हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलेले असे. तो शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेई, नेहमीच्यापेक्षाही सावकाश आणि शब्द सुटे करून बोले, आणि तेलुगूत वा मराठीत उच्चारलेले ते एक वाक्य साऱ्या गोंगाटातून स्वच्छ पार होई. क्रूनरची विद्या ती हीच. १९२५ मध्ये विद्युत्-ध्वनिमुद्रण आले, कर्ण्यात तोंड घालून ओरडण्याची गरज संपली, आणि बिंग क्रॉस्बीसारख्या चतुर मनुष्याने ओळखले की यंत्र आता श्रोत्याचा कान होऊन समोर उभे आहे. फ्रँक सिनात्राने पुढे टॉमी डॉर्सीच्या वृंदात गाताना त्याच्या ट्रॉम्बोनवरून दम राखण्याची युक्ती उचलली आणि दोन ओळी एका श्वासात जोडून दाखविल्या. जोर गेला, पण त्याच्या जागी श्वासाचा, उच्चाराचा आणि विरामाचा हिशेब आला. आणि हा हिशेब जोराच्या हिशेबापेक्षा काकणभर अधिकच कठीण आहे.

एवढी पूर्वपीठिका मनात असताना माझ्या कन्येने मायकेल बूब्लेच्या मैफलीचे तिकीट हाती ठेविले. २०१३ च्या उन्हाळ्यात ग्रीनिचच्या ओटू सभागृहात त्याच्या दहा मैफली झाल्या, त्यांतील एक. त्याची हकीकत कोणालाही आवडावी अशी आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्नबीचा हा मुलगा. बाप सॅमन मासे धरणारा कोळी, आणि आजोबा इटलीहून आलेले नळकाम करणारे गृहस्थ. नातवाला दोन गाणी म्हणू दिलीत तर तुमच्या घरचे नळ फुकट दुरुस्त करून देतो, अशी तजवीज हे आजोबा तिथल्या वादकांशी करीत. पुढे २००० साली कॅनडाचे माजी पंतप्रधान मल्रोनी यांच्या कन्येच्या विवाहात तो गायिला, तेथे डेव्हिड फॉस्टर हा निर्माता पाहुणा होता, आणि २००३ साली जी ध्वनिमुद्रिका निघाली तिने त्याचे नाव जगभर नेले.

आम्ही स्टॅनमोरकडील मंडळी. येथून निघणारी जुबिली लाइनची गाडी वाटेत डॉलिस हिलला थांबते, जेथे १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे. आणि तीच गाडी पुढे शहर ओलांडून थेट नॉर्थ ग्रीनिचला ओटूच्या दारात सोडते. मंडळात पेटी-तबल्यावर भावगीत ऐकताना गायकाच्या कपाळावरचा घाम दिसतो. ओटूत वीस हजार माणसे मावतात, आणि आमच्या आसनांवरून तो गायक अंगठ्याएवढा दिसत होता. त्याचा चेहरा पाहावयाचा तर दोन्ही बाजूंच्या प्रचंड पडद्यांकडे पाहावे लागे. एकाच्या कानाशी बोलण्याची कला वीस हजारांपुढे चालवून दाखविणे, हाच खरा पेच होता.

त्याने तो बराचसा सोडविला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पडद्यावर मी त्याच्या मुखापेक्षा त्याच्या हाताकडे अधिक पाहात होतो. स्वर चढू लागला की ध्वनिक्षेपक छातीपर्यंत खाली येई, ओळ उतरू लागली की तो ओठांना जवळजवळ टेके, आणि या ये-जा करण्यात एकदाही स्वर बसल्याचे वा फुटल्याचे कानास जाणवले नाही. मागे पितळी वाद्यांचा भरभक्कम सरंजाम गर्जत असताना तो शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवीत असे, जणू त्यास कसलीच घाई नव्हती. आणि ओळीच्या शेवटचे व्यंजन गिळून न टाकता ते नीट मिटवीत असे. आवाज स्वतः काही असामान्य नव्हे. मध्यम पट्टीत तो उबदार आणि गोल आहे, वर गेला की त्यात थोडा चिरका कोरडेपणा येतो. परंतु दम उत्तम, सूर पक्का, आणि लयीची जाण तर आपल्याकडच्या एखाद्या चांगल्या ठुमरीगायकास शोभेल अशी.

तक्रार आहे ती निराळी. गाणे रंगात येऊन श्रोत्याच्या मनात काही हलू लागले की हा गृहस्थ थट्टा करतो. स्वतःच्या कपड्यांची, वादकांची, पुढच्या रांगेतील नवऱ्यांची. मग हसे पिकते, टाळ्या पडतात, आणि नुकतेच जमलेले काहीतरी विरून जाते. हा स्वभावच असेल, किंवा धंद्याची गरज असेल. पण मला त्यात भीती दिसली. शांतता दोन क्षण अधिक टिकली तर वीस हजार माणसे हातची जातील ही ती भीती. आणि दुसरे असे की त्याची बहुतेक गाणी त्याच्या आजोबांच्या पिढीची. ती म्हणताना त्याच्या मागे सिनात्राची सावली सारखी उभी असते आणि तोही अधूनमधून वळून तिला नमस्कार करतो. २००५ साली आलेले ‘होम’ हे त्याच्या स्वतःच्या रचनांपैकी गाणे म्हणताना मात्र थट्टा नव्हती, सावलीही नव्हती. परमुलखात घर आठवणाऱ्या माणसाचे ते गाणे साधे आहे, त्याने ते साधेपणानेच म्हटले, आणि त्या चार-पाच मिनिटांत मला तो प्रथम प्रतीचा गायक वाटला.

अशा वेळी अरुण दाते आठवले नाहीत तर मी सोलापूरचा कसला! पेशाने ते कापडगिरणीचे अभियंते, म्हणजे आमच्या गावच्या भाषेत बोलायचे तर मिलचेच माणूस. इंदूरच्या रसिकाग्रणी रामूभैय्या दात्यांचे हे चिरंजीव. १९६२ साली पाडगावकरांचे शब्द आणि खळ्यांची चाल घेऊन सुधा मल्होत्रांबरोबर ‘शुक्रतारा’ गायिले आणि मराठी भावगीतास एक नवा, मुलायम पुरुषस्वर मिळाला. त्यांना मी सोलापुरात एकदा प्रत्यक्ष ऐकले आहे. हालचाल जवळजवळ नाही, स्वर बूब्लेहून पातळ, पल्ला त्याच्याहून कमी. पण कडव्यांच्या मधल्या जागेत ते काहीही न करता उभे राहू शकत, आणि ती जागा श्रोते स्वतःहून भरून काढीत. हे धैर्य बूब्लेजवळ असते तर त्याच्या गळ्याला दात्यांहूनही मोठी मजल मारता आली असती, असे माझे प्रामाणिक मत आहे; मंडळातील काही वडीलधारी मंडळी या वाक्यावरून मला जाब विचारतील याची कल्पना असूनही ते येथे नोंदवितो.

अखेरीस त्याने लिऑन रसेलचे १९७० मधील एक गीत घेतले, आणि शेवटच्या ओळी ध्वनिक्षेपक बाजूला करून उघड्या गळ्याने म्हटल्या. सभागृह उठून उभे राहिले; शेजारची एक प्रौढ बाई डोळे पुसू लागली. आमच्या आजोबांनीही बहुधा मान डोलावली असती. मला मात्र तो प्रकार एखाद्या निष्णात मुनशीने, मला कुस्तीही येते हे दाखविण्यासाठी, कचेरीत शड्डू ठोकावा तसा वाटला. त्याची विद्या यंत्राची आहे, ती अस्सल आहे, आणि तिच्यासाठी केशवरावांच्या दरबारी हजेरी लावण्याची त्यास काहीच गरज नव्हती.

परतीच्या गाडीत पाय ठेवावयास जागा नव्हती. कन्येने विचारले, “बाबा, मग काय, आवडला का नाही?” मी म्हटले, “गातंय की बे झकास! मधली बडबड काढून टाकली तर पुन्हा स्वतःच्या पैशाने तिकीट काढीन.” त्यावर ती म्हणाली की निम्मे लोक त्या बडबडीसाठीच पैसे मोजतात. तिचे म्हणणे खोडून काढण्यास मी तोंड उघडले होते; परंतु आमच्या पुढ्यात दांडीला धरून उभ्या असलेल्या दोन मैत्रिणी त्याचे विनोद एकमेकींना पुन्हा सांगून खिदळत होत्या, आणि कॅनरी वॉर्फपासून वेम्बली पार्कपर्यंत त्यांनी एकाही गाण्याचे नाव काढले नाही.