पुसलेली रेघ

लेखनाचा छंद जडलेल्या माणसाला त्याचा पहिला समीक्षक बहुधा घरातच भेटतो. मला तो माझ्या काकांच्या रूपाने भेटला.

काकी निवर्तल्यावर वर्षभराने, तिच्या स्मरणदिनानिमित्त, मी एक लेख लिहिला. पाठविण्यापूर्वी तो काकांना वाचावयास दिला. त्यागमूर्ती, मायेचा सागर, कष्टाची ज्योत अशी विशेषणे मी मुक्तहस्ताने उधळली होती. काकांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "भाषा छान आहे रे तुझी. पण ही बाई कोण?"

मी दुखावलो. काका मात्र उठून मला माजघरात घेऊन गेले. तिथल्या भिंतीचा हातभर तुकडा चुना न लावलेला होता. काकीला अक्षरओळख नव्हती. पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडून पहिल्या लोकलने ती दादरच्या फूलबाजारात जाई आणि दुपारी वाडीतली भाजी, केळी गावातच उधारीवर देई. त्या उधारीचा हिशेब या भिंतीवर कोळशाने लिहिलेला असे. एका घराची खूण विहीर, दुसऱ्याची ताडाचे झाड. पुढे जितके रुपये तितक्या रेघा. नाताळच्या आदल्या रात्री ती ओले फडके घेऊन येई आणि ज्या घरातून पैसे येणे शक्य नसे, त्या घराच्या रेघा पुसून टाकी. त्याविषयी कोणाशी अवाक्षर काढीत नसे.

"घराला दरसाल चुना लावतो, पण एवढी भिंत सोडतो," काका म्हणाले.

माझ्या साऱ्या लेखात ही भिंत नव्हती. त्या रात्री मी तो फाडला आणि नव्याने लिहावयास बसलो.

तेव्हा मला फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण झाली. हा इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याच्यापाशी युरोपीय विद्येचे भांडार होते. परंतु साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी लिहिताना त्याने त्यांच्या कानाला सवयीची ओवी निवडली. 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. लिपी परकी असली तरी शब्द श्रोत्यांचे होते. पुढे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. घरात बोलावे तशाच त्या लिहीत गेल्या. या दोघांनीही समोरचा माणूस पाहूनच लेखणी उचलली, असे मला वाटते. मी मात्र काकीविषयी लिहिताना स्वतःकडेच पाहत बसलो होतो.

दुसरा लेख निम्म्या लांबीचा झाला. आरंभीच्या 'मानवी जीवन क्षणभंगुर आहे' या परिच्छेदाला मी काट मारली आणि थेट पहाटेच्या लोकलपासून सुरुवात केली. एका लेखात एकच गोष्ट सांगावी, म्हणून उरलेल्या आठवणी बाजूला ठेवल्या. चार दिवस कागद पेटीत ठेवून मग तो मोठ्याने वाचला. जिथे श्वास अडला, तिथे वाक्य तोडले. लेख जिवंत वाटावा म्हणून विहिरीची खूण असलेल्या घराचे नावही मी घातले होते. समाधानाने तो काकांपुढे ठेवला.

या खेपेस त्यांचे डोळे पाणावले. मग त्या नावावर बोट ठेवून ते थांबले.

"तिने पुसलेली रेघ तू पुन्हा ओढतोस का?"

मी निरुत्तर झालो. त्या घरातली मुले आता मोठी झाली आहेत, लेख त्यांच्याही हाती पडणार, हे माझ्या ध्यानीच आले नव्हते. भिंतीवरचा कोळसा ओल्या फडक्याने जातो. छापलेली शाई शंभर घरांत पोहोचल्यावर कोणते फडके पुरणार? मी ते नाव खोडले. त्यासोबत विहिरीची खूणही खोडली, कारण गावात खुणेवरून घर ओळखावयास कितीसा वेळ लागतो!

लेख छापून आला. काही दिवसांनी एक मध्यमवयीन गृहस्थ घरी आले. काकांपाशी अर्धा तास बसले. पावसापाण्याच्या, वाडीच्या गोष्टी झाल्या. निघताना त्यांनी मोगऱ्याची एक पुडी काकांच्या हाती दिली. ते कोण, हे मी विचारले नाही आणि काकांनी सांगितलेही नाही.

काका आता नाहीत. काही लिहून झाले की त्यांचे दोन्ही प्रश्न मी आजही स्वतःला विचारतो: ही बाई कोण, आणि यात कोणाची रेघ पुन्हा ओढली जात नाही ना? दोहोंचे उत्तर मिळेपर्यंत कागद पेटीतून बाहेर काढीत नाही.