सोयावडीचा पांढरा रस्सा

आषाढातली गटारी उरकली, भांडी घासूनपुसून झाली, की कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत वशाट बंद होतं. वाटी तोंडाला लावून रस्सा भुरकायची सवय मात्र श्रावण पाळत नाही. चार दिवस वरण-भात निमूट खाल्ला जातो, मग कुणीतरी म्हणतंच, 'काहीतरी रस्सा कर की!' आणि वाण्याकडून सोयावड्यांचं पाकीट येतं.

पुढे पुष्कळांची फसगत होते. वडी मटणासारखी पाण्यात टाकायची, मसाला घालायचा आणि रस्सा होण्याची वाट बघत बसायचं. मटण शिजताना पाण्याला देत असतं. हाडांतला चिकटपणा, चरबी, मांसाचा रस पाण्यात उतरला की अळणी तयार होतं आणि पांढऱ्याचा निम्मा जीव त्यातच असतो. वडीपाशी देण्यासारखं काही नसतं. ती फक्त घेते.

तिचा जन्मच तसा. सोयाबीनच्या दाण्यात साधारण वीस टक्के तेल. ते कारखान्यात काढून घेतलं की पेंड उरते. तिचं पीठ ओलसर करून, दाबाखाली तापवून बारीक भोकांतून बाहेर ढकलतात. बाहेर पडताच आतल्या पाण्याची वाफ होते, पीठ फुगतं आणि आत जाळी धरते. निम्मं वजन प्रथिनांचं, चव जवळजवळ नाहीच. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली गांधीजींच्या पुढाकाराने सोयाबीन खाऊन पाहण्याचे प्रयोग झाले, तेव्हा ही वडी नव्हती. तिचं तंत्र अमेरिकेतलं, १९६०च्या दशकातलं. आज मराठवाडा-विदर्भात मैलोन्‌मैल सोयाबीन दिसतं, पण त्या गावांत शिजतं ते तुरीचंच वरण.

तेव्हा आधी अळणी, मग वडी. उभा चिरलेला कांदा, ठेचलेलं आलं-लसूण, मिरे, दालचिनी, दोन लवंगा आणि कोथिंबिरीच्या काड्या (ज्या आपण उगाच फेकतो) थोड्या तुपावर परतायच्या. कांदा लाल होऊ द्यायचा नाही, पांढऱ्याचा रंग जातो. त्यावर हरभऱ्याची डाळ शिजवून वरचं पाणी ओतायचं. हाडं नाहीत, तर रश्शाला अंग या पाण्यानेच येतं. मंद उकळून गाळून घ्यायचं. ज्यांच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य, त्यांनी हे कार्तिकानंतर वाचावं.

वडीचं खरं काम हाताचं आहे. कढत, मिठाच्या पाण्यात ती फुगली की मुठीत धरून दाबायची. बोटांच्या फटींतून पिवळट, फेसाळ पाणी निघतं आणि त्याला कच्च्या शेंगेचा उग्र वास येतो. गार पाण्यात बुडवून पुन्हा दाबायची, पाणी नितळ निघेपर्यंत. इथे आळस केला तर पुढे कितीही मसाला घाला, तो वास वर येतोच. घट्ट पिळलेल्या वड्या तव्यावर तेल-मिरपुडीत कडा बदामी होईपर्यंत परतायच्या आणि गरम अळणीत सोडायच्या. रिकामी झालेली जाळी आता अधाशासारखी अळणी ओढते. काजू, तीळ आणि खसखस यांचं वाटण घालायचं ते त्यानंतर. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आच बारीक करून. खळखळ उकळू दिलं तर रस्सा फुटतो.

हे मटण लागतं का? नाही. असं कुणी सांगत असेल तर त्याने श्रावण फारच कडक पाळलेला असणार. मला तर ती तुलनाच वडीवर अन्यायाची वाटते. दाताखाली ती थोडी ताणते, मग आतून मिरे-दालचिनीचा गरम रस सुटतो. भाकरीबरोबर एवढं पुरे.

उरलेला रस्सा सकाळी खायचा बेत असेल तर वड्या रात्रीच झाऱ्याने काढून वेगळ्या ठेवा. नाहीतर सकाळी पातेल्यात टम्म फुगलेल्या वड्या तेवढ्या सापडतील, रस्सा नाही.