ही बाई कोण?

लोदला राहणारी एक बाई साठी उलटल्यावर पुन्हा मराठी लिहायला बसली. सात वर्षांची असताना ती आईबाबांबरोबर अलिबागहून इस्राएलला आली. मराठी शाळा दुसरीपर्यंतच. पुढचं सगळं शिक्षण हिब्रूत. घरात मराठी बोलणं चालू राहिलं, लिहिणं सुटलं. मराठीच्या वर्गात निबंधाला विषय मिळाला, ‘आईच्या हातचा पदार्थ’. तिने चिकाचा हलवा निवडला.

आपली मराठी कोकणी वळणाची, त्यात हिब्रू शब्द मिसळलेले, लोक हसतील, ही भीती होतीच. म्हणून तिने शब्दकोश शेजारी घेतला. ‘माझी मातोश्री नूतन वर्षाच्या मंगल प्रसंगी हे मिष्टान्न सिद्ध करीत असे,’ अशी सुरुवात केली आणि पाच पानं भरली. शब्बाथ सुटल्यावर तिने ती आईला वाचून दाखवली. आई नव्वदीला टेकलेली. सगळं ऐकून म्हणाली, “छान लिहिलंस गं. पण ही बाई कोण?”

“तूच की!”

“मी कधी मिष्टान्न सिद्ध केलं? मी हलवा घोटायची.”

बाईला वाईट वाटलं. मग तिने वही मिटली आणि आईलाच सांगायला लावलं. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा. नारळाचं दूध आणि साखर घालून मंद आचेवर घोटत राहायचं. हात थांबला की तळाला लागलंच. इथल्या पहिल्या वर्षी नारळ मिळाला नाही. आईने गाईच्या दुधात हलवा केला. दूध आलं, म्हणून त्या सणाला घरात मटण शिजलं नाही. बाबांनी एक वडी खाल्ली आणि बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत.

हे त्या पाच पानांत कुठेच नव्हतं.

वर्गात निस्सीम इझिकेल यांच्याविषयी बोलणं झालं होतं. बेने इस्राएल घरातले हे कवी १९२४ साली मुंबईत जन्मले, १९४८ साली इंग्लंडला गेले. १९५२ साली पहिला संग्रह निघाला आणि त्याच वर्षी ते मुंबईला परतले. लिहिलं इंग्रजीत, पण लिहिलं ते आपल्या शहराबद्दल, इथल्या माणसांबद्दल, विंचू चावलेल्या आईबद्दल. १९८३ साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भाषा कुठलीही असो, आपण पाहिलेलं आपल्याच तोंडून यावं लागतं, एवढं बाईला त्यातून उमगलं.

दुसऱ्या खेपेला दीडच पान झालं. ‘नूतन वर्ष’ गेलं. आजीचा जुना शब्द आला, ‘नव्याचा सण’. एका जाणकाराने शुद्धलेखन सुधारून दिलं, ते तिने आनंदाने घेतलं. ‘नव्याचा सण’ बदलून ‘नववर्ष’ करा म्हणाले, ते मात्र तिने ऐकलं नाही. शुद्धलेखन शिकता येतं. आजीचा शब्द गेला की परत कोण देणार?

तिने पुन्हा आईला वाचून दाखवलं. निम्म्यावर आईने हात वर केला.

“दोन तास नाही, तीन तास घोटला होता मी. नीट लिही.”

तिने ‘दोन’ खोडून ‘तीन’ केलं.