बांधावरचा मोठा कोळी अन् भाच्याच्या डब्यातला



पहिला पाऊस होऊन गेला की आमच्या बांधावर रात्री मोठे केसाळ कोळी फिरताना दिसतात. तळहाताएवढे. इंग्रजीत टॅरेंटुला म्हणतात. फिरणारे बहुतेक नर असतात, मादी शोधत हिंडतात. मादी बीळ सोडत नाही. माझ्या शेताच्या वरच्या बाजूला, जिथं मुरमाड कड आहे अन् बाभळीच्या मुळ्या उघड्या पडल्यात, तिथं एक बीळ आहे. तोंडाशी पांढरं जाळं विणलेलं. मी ते सात पावसाळ्यांपासून पाहतो. अंधार पडला की पुढचे दोन पाय बाहेर काढून बसलेली असते. जमिनीवर पाय आपटला की आत गायब.

हुमणीचे भुंगेरे निघतात त्या दिवसांत सकाळी बिळापुढं भुंगेऱ्यांचे पंख पडलेले असतात. रातकिडे, झुरळं बी खाते. पण यानं हुमणी आटोक्यात येते असं मी म्हणणार नाही. एका बिळाच्या जोरावर ऊस वाचत नाही. त्यासाठी आपलं झाड हलवून भुंगेरे गोळा करणं चालूच ठेवा.

आता मुद्द्याचं. माझा भाचा शिरपूरलाच कॉलेजला आहे. त्यानं घरी काचेच्या पेटीत टॅरेंटुला पाळलाय. चिली देशातली जात, गुलाबीसर केसांची. पोरगं तो हातावर घेतं, मोबाईलवर व्हिडिओ काढतं. मागल्या उन्हाळ्यात शेतात आला अन् बिळ पाहून म्हणाला, "मामा, हा बी तसाच बसेल हातावर."

मी म्हटलं, नाही बसणार. अन् तुझा तरी बसतो म्हणजे काय, त्याला माया लागली असं नाही. आठ डोळे असून त्याला नीट दिसत नाही. पायावरच्या केसांनी हादरा कळतो, तेवढंच त्याचं जग. तुझा हात त्याला गरम जमीन वाटतो. आज गप बसला म्हणून उद्या बसेलच असं नाही.

दोघांच्या स्वभावात फरक आहे. अमेरिकेकडचे बरेच कोळी चिडले की मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतात. त्यानं खाज सुटते, डोळ्यात गेले तर फार त्रास. म्हणजे चावायच्या आधी त्यांच्याकडे दुसरं हत्यार आहे. आपल्याकडच्यांना तसले केस नसतात. ते पळतात, पळता आलं नाही तर पुढचे पाय वर करून दात दाखवतात, अन् तरी माणूस हटला नाही तर चावतात. अन् चपळ इतके की आपला हात मागं यायच्या आत. पाय वर केले म्हणजे तो रागावला असं लोक म्हणतात. मला विचाराल तर तो भ्यालेला असतो.

चाव्यानं माणूस मेल्याची खात्रीची नोंद जगात नाही. पण दुखतं खूप, सूज येते, काही जातींच्या चाव्यानं पायात-पोटात गोळे येतात. अन् एक गोष्ट मजुरांना मी दरवर्षी सांगतो. बिळाशी, पाइपाखाली, कडब्यात काही चावलं अन् काय चावलं ते दिसलं नाही, तर कोळीच असेल म्हणून घरी बसू नका. साप समजून सरळ सरकारी दवाखाना गाठा.

मोटारीच्या खोलीत कोळी निघाला तर आमचा सालदार आधी फावडं उचलायचा. "दादा, मारी टाकू का?" मी म्हणे, "राहू दे ना भो, तो काय करस?" आता तोच मोठी बरणी वरून उपडी ठेवतो, खालून पुठ्ठा सरकवतो, अन् बांधावर सोडून येतो. बरणी उंच धरत नाही. ह्याचं पोट पाण्याच्या फुग्यासारखं असतं, कमरेच्या उंचीवरून पडला तरी फुटतं. हातावर घेऊन उभं राहणाऱ्या पोरांनी हे ध्यानात घ्यावं.

भाच्याच्या ओळखीतल्या एकानं त्या बिळातल्या मादीचे पैसे विचारले. मी नाही म्हटलं. मादी वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात, मग पंधरा-वीस वर्षं जगते. नर वयात आला की वर्षा-दोन वर्षांत संपतो. एक मादी उचलली की बीळ किती वर्षं रिकामं राहील याचा हिशोब करा.

हा धंदा लहान नाही. आंध्रात गुत्ती रेल्वे स्टेशनच्या आवारात सापडलेल्या निळ्या कोळ्याची नोंद 1899 साली झाली. पुढं शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे, अन् पाळणाऱ्यांच्या पेट्या जगभर त्याच निळ्या कोळ्यानं भरल्यात. 2021 मध्ये चेन्नईला पोलंडहून आलेल्या टपालाच्या पार्सलात 107 जिवंत कोळी निघाले, बारक्या डब्यांत कापूस लावून. गुत्तीवाल्याच्या कुळातले, झाडाच्या ढोलीत राहणारे कोळी 2019 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणात आहेत अन् वन्यजीव कायद्याची 2022 ची दुरुस्ती बी त्यांना लागू होते. रानातून पकडून विकायचा विचार कुणी करत असेल तर आधी वनखात्याला विचारा.

भाचा मात्र आपला कोळी नीट सांभाळतो, हे मान्य. परीक्षेला बाहेरगावी गेला होता तेव्हा बहिणीचा सकाळी फोन आला, "दादा, त्याचा कोळी उताणा पडलाय, पाय हलत नाहीत. फेकू का?" मी विचारलं, खातो का? म्हणाली, तीन आठवडे काही खाल्लं नाही. म्हटलं, अजिबात हात लावू नको, पेटीत किडा असेल तर तेवढा काढ. मेलेला कोळी पाय पोटाखाली आवळून पालथा असतो, उताणा पडलेला बहुतेक कात टाकत असतो. तेव्हा तो इतका मऊ असतो की रातकिडा बी त्याला कुरतडतो. संध्याकाळी तिचा परत फोन. पेटीत दोन कोळी झालेत, त्यातला एक पोकळ आहे.