हलका सांगाडा

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या पुण्याहून खाप्यास आला, तो ॲल्युमिनियमची एक वीतभर चौकट घेऊन. ओसरीवर ती हातोहात फिरली. मातुःश्रींनीं उलटसुलट पाहून विचारलें, "मिसळणाचा डबा का रे हा? पण याच्या बाजू कुठे आहेत?" तो होता पृथ्वीचें निरीक्षण करणाऱ्या उपग्रहाचा सांगाडा!

थोरल्या बंधूंस हें रुचलें नाहीं. हातीं आलेली नोकरी नाकारून मुलानें हा उद्योग पत्करला होता. प्रथम आम्हीही बंधूंच्याच पक्षाचे. उपग्रह म्हणजे कोट्यवधींचा सरकारी कारभार, अशी आमची समजूत. १९८८ सालीं गेलेला आपला 'आय. आर. एस. १-ए' सुमारें ९७५ किलोंचा होता. परंतु पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं घडविलेला व २२ जून २०१६ रोजीं अवकाशांत गेलेला 'स्वयम्' एक किलोहूनही हलका! १५ फेब्रुवारी २०१७ रोजीं श्रीहरिकोट्याहून एकाच अग्निबाणानें १०४ उपग्रह नेले. त्यांतील ८८ पृथ्वीचीं छायाचित्रें घेणारे, प्रत्येकीं पांच किलोंहून कमी वजनाचे होते. तो जुना उपग्रह त्याच जागीं २२ दिवसांनीं परते. अशा लहानग्यांचा थवा रोज पाहूं शकतो. संत्र्याची बाग सुकूं लागली, तर हा फरक लहान नव्हे.

ही स्वस्ताई येते कोठून? माप ठरलेलें : १० सेंटिमीटरांचा घन, किंवा तसे दोन-तीन एकापुढें एक. धातु बाजारांत मिळणारा, हलते सांधे शक्य तितके कमी. जेथें भार नाहीं तेथील धातु कोरून काढावयाचा. मात्र उड्डाणाच्या हादऱ्यांशीं चौकटीचें स्वाभाविक कंपन जुळतां कामा नये. जुळलें कीं सारें खिळखिळें.

पुतण्याची ही पहिली चौकट त्याच चाचणींत तडकली होती, आणि पैसे बंधूंचे होते. "जाड पत्रा कां नाहीं घेतलास?" आम्हीं विचारलें.

"काका, वजन वाढलें कीं अग्निबाणाचें भाडें वाढतें. बळ जाडीनें नव्हे, बांधणीनें आणायचें."

कन्हानकाठच्या या विणकरांच्या गांवांत वाढलेले आम्ही ओशाळलों. लुगडें टिकतें तें सुताच्या जाडीवर नव्हे, विणीवर, हें येथें लहान पोरही जाणे.

बंधु त्या रात्रीं कांहीं बोलले नाहींत. सकाळीं बागेकडे निघतांना त्यांनीं चौकट उचलली, तडा बोटानें चाचपला आणि म्हणाले, "दुसरीला किती लागतील?"