कोरं बोट

मागच्या रविवारी फोनमधली जागा संपली म्हणून जुने फोटो उडवायला बसले. (हे काम मी गेले सात-आठ महिने पुढे ढकलत होते. ऑफिसात याला बॅकलॉग म्हणतात, घरी आळस.) पाच-सहाशे फोटो उडवून झाल्यावर एक असा सापडला की बोट तिथेच थांबलं. फोटोत डाव्या तर्जनीवर शाईची रेघ होती आणि मागे, जरासं धूसर, शाळेतल्या पृथ्वीच्या गोलासारखं माझं पोट. तारीख २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाचा दिवस. तेव्हा मला चौतिसावा आठवडा चालू होता.

हा फोटो मी तेव्हा कुठेच टाकला नाही. का, ते सांगायचं तर त्याच्याही सहा महिने मागे जायला लागेल.

१३ मे २०२४, सोमवार. पुण्यात लोकसभेचं मतदान होतं. मला सातवा आठवडा लागला होता आणि ही गोष्ट जगात फक्त तिघांना माहीत होती: मी, नवरा आणि डॉक्टर. कारण त्याच्या आदल्या वर्षी आम्ही उत्साहाने सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि मग दहाव्या आठवड्यात त्याच सगळ्यांना परत एकदा फोन करावे लागले होते. ते दुसरे फोन कसे केले ते माझं मला माहीत. त्यामुळे या वेळी तोंडाला कुलूप.

तर त्या सोमवारी सकाळी सहाला उठले, लवकर जाऊन मत देऊन येऊ म्हणून. बाथरूममधे गेले आणि पाय गार पडले. रक्ताचे दोन-चार डाग. बस, तेवढेच. पण एकदा पोळलेल्या माणसाला तेवढे पुरतात. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस, पण आज पडून राहा. वाढलं तर लगेच ये, नाहीतर उद्या सकाळी सोनोग्राफी करू." नवरा म्हणाला, "मग मी पण नाही जात." त्याला मीच हाकललं. म्हटलं, एकाचं तरी होऊ दे.

तो गेला आणि मी छताकडे बघत पडले. आणि इकडे टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो यायला लागले. आमच्या लीडने आदल्या दिवशीच फर्मान काढलं होतं की सगळ्यांनी शाईचा सेल्फी टाकायचा. बारा जणांची टीम. दुपारी एकपर्यंत अकरा बोटं जमा झाली. मग सुरू झालं. "एक विकेट बाकी आहे!" त्यावर कुणीतरी, "शिकलेले लोकच सुट्टी बघून लोणावळ्याला पळतात." त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, एरवी मीही हसले असते. मी उत्तरं टाईप केली आणि खोडली. पुन्हा केली, पुन्हा खोडली. काय लिहिणार? शेवटी लिहिलं, "अचानक पाहुणे आले रे, नाही जमलं." लगेच उत्तर आलं, "पाहुण्यांना पण घेऊन जायचं ना!"

त्या दिवशी नक्की कशाचं रडू आलं ते आजही सांगता येणार नाही. डागांची भीती तर होतीच. पण त्या पाहुण्यांच्या वाक्याचंही आलं, एवढं खरं. (एका अर्थी पाहुणा आलेलाच होता आणि त्याला कुठेही घेऊन जाता येत नव्हतं!)

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत ठोका दिसला. पडद्यावर एक ठिपका लुकलुकत होता, आपल्या मोडेमवरचा दिवा लुकलुकतो ना, तस्सा.

असो. तर नोव्हेंबर.

या वेळी मी ठरवूनच टाकलं होतं की जायचं. घरात मात्र बहुमत माझ्याविरुद्ध. सासूबाई बाळंतपणासाठी कराडहून येऊन राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, एका मतानं काय सरकार पडणारे का? गर्दीत कुणाचा धक्का लागला म्हणजे?" आई साताऱ्याहून फोनवरून त्यांच्याच बाजूने. नवरा तटस्थ, म्हणजे नवरे असतात तसा. मी आदल्या तपासणीला डॉक्टरांनाच विचारून ठेवलं होतं, "जाऊ का? आणि ती शाई चालेल का?" रात्री दोनला जागून शाईबद्दल वाचलं होतं. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ती म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते आणि १९६२ पासून आपल्या निवडणुकांत वापरली जाते वगैरे. गरोदरपणात माणूस कशाचाही अभ्यास करतो. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "बोट चोखत बसू नकोस म्हणजे झालं. आणि फार वेळ उभी राहू नकोस." झालं, माझ्या बाजूने निर्णायक मत पडलं!

घरबसल्या मत देता आलं तर किती बरं, असंही वाटून गेलं होतं. २०२४ मधे ती सोय ८५ वर्षांवरच्यांना आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना होती, गरोदर बायकांना नव्हती. आमच्यासाठी केंद्रावर रांगेत पुढे सोडायचा नियम होता. तेही कमी नाही.

केंद्र म्हणजे घराजवळची महापालिकेची शाळा. गेटवरच्या कॉलेजच्या मुलीने मला लांबूनच ओळखलं (न ओळखून सांगते कुणाला?) आणि "ताई, तुम्ही सरळ पुढे या" म्हणाली. पण पुढे जाऊन उपयोग नव्हता, कारण आत व्हीव्हीपॅट बदलत होते आणि रांग जागच्या जागी थांबली होती. तिने वर्गातला एक बाक व्हरांड्यात ओढून दिला. पहिली-दुसरीच्या मुलांचा बाक हो! समोरच्या डेस्कमधे आणि माझ्यात एक पोट मावेना. शेवटी आडवी बसले. दोन मिनिटांत शेजारी अजून दोन जणी तशाच आडव्या येऊन बसल्या आणि चौथी खाली पायरीवर. आम्ही चौघींनी एकमेकींच्या पोटांकडे बघितलं आणि हसूच फुटलं.

फोन बाहेर ठेवून आलेलो. त्यामुळे बोलण्यावाचून इलाज नव्हता. :-)

सगळ्यांत पुढे बसलेली चार घरी पोळ्यांची कामं करते. सातवा महिना, तिसरी खेप. "पहिल्या घरी सांगून आलेय उशीर होईल म्हणून. त्यांना पण मत द्यायचंय, मला पण. पोळ्या कुणी लाटायच्या?" त्या वर्षी जुलैपासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दीड हजार तिच्या खात्यात येत होते. मी जरा शहाणपणाने विचारलं, "मग त्याच्यावरून मत ठरवणार का?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही कशावरून ठरवणार ते मी विचारलं का?" मी गप्प. बरोबरच होतं तिचं.

दुसरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आठवा महिना. त्यांचं नाव निवडणूक ड्यूटीच्या यादीत आलं होतं. डॉक्टरांचं पत्र देऊन रद्द करून घेतलं. "या वेळी पोट दिसतंय म्हणून सोपं गेलं हो," त्या म्हणाल्या. २०१९ च्या विधानसभेला त्या मुळशी तालुक्यात होत्या. तेव्हा दुसरा महिना होता आणि कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आदल्या दिवशी यंत्रांच्या पेट्या घेऊन गाडीने गावात जायचं, रात्री वर्गातच सतरंजी टाकायची, पहाटे साडेपाचला प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान, सातला खरं सुरू. संध्याकाळी सहाला दार बंद, आणि मग सील, कागद, हिशोब. "मला नुसता वास आला तरी उलटी यायची. प्रत्येक वेळी शाळेच्या मागे जाऊन यायचे. केंद्राध्यक्ष म्हणाले, मॅडम, काल काय खाल्लंत? म्हटलं, भजी." आम्ही खो खो हसलो. मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "सांगितलं असतं तर त्यांनी घरी पाठवलं असतं. पण तीन महिने व्हायच्या आत सांगायचं नाही म्हणतात ना!"

आणि मी, जिने सख्ख्या आईला बाराव्या आठवड्यापर्यंत कळू दिलं नव्हतं, त्या मी त्या अनोळखी बायकांना १३ मेची सगळी गोष्ट सांगून टाकली. डाग, छत, ग्रुप, पाहुणे. अगदी आदल्या वर्षीचंसुद्धा. पोळीवाल्या ताईंनी काही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचंही मधलं एक गेलेलं होतं. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि विषय बदलला.

पायरीवरची मात्र गप्पच होती. वीस-एकवीसची असेल, नववा महिना. पोळीवाल्या ताईंची शेजारीण, त्यांच्या पोराला धरायला म्हणून आलेली. मी विचारलं, "तुझा नंबर कितवा?" तर म्हणाली, "माझं नाव नाही हितं. गावाकडं हाय, लातूरकडं. नवरा गेलाय काल रातीच्या गाडीनं. आठ तास एष्टीत कसं बसावं मी या पोटानं?" मग स्वतःशीच हसत म्हणाली, "पहिलंच मत होतं माझं."

तेवढ्यात आत बोलावलं.

आतल्या साहेबांनी यादीवर पट्टी ठेवून माझं नाव मोठ्याने वाचलं. पूर्ण, आडनावासकट. खरं सांगते, बरं वाटलं. सहा महिने मी हॉस्पिटलात "पेशंट", घरी "सांभाळून गं" आणि ऑफिसात "मॅटर्निटीवर जाणारी रिसोर्स" होते. नावाने हाक मारलेली जवळपास विसरलेच होते. नंतर एकदा वाचलं, की १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी लाखो बायकांनी यादीत स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. आयोगाने अशी नोंद चालणार नाही म्हणून जवळजवळ २८ लाख नावं वगळली. तेव्हा मला त्या वर्गातली ती पट्टी आठवली. अमकीची आई तर मी होणारच होते. पण यादीत माझं नाव हवं.

बटण दाबलं. शिट्टी वाजली. चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, आणि नेमकं त्याच सात सेकंदांत आतून एक सणसणीत लाथ. अनुमोदन होतं की निषेध, कळायला मार्ग नाही. गुप्त मतदानात एक साक्षीदार होता, एवढं मात्र नक्की.

बाहेर आले तर ती पायरीवरची मुलगी उठली आणि म्हणाली, "बघू ताई." माझा हात हातात घेऊन तिने शाईची रेघ नीट बघितली. तिच्या अंगठ्याला ओली शाई जराशी लागली. ती पुसायच्या ऐवजी तिने तो अंगठा पदराआड नेला. मला काहीच बोलता आलं नाही. "पुढच्या वेळी नाव इकडे लावून घे," एवढं म्हणाले. त्यासाठी फॉर्म ऑनलाईन भरता येतो, हेही सांगितलं. आपल्याला दुसरं येतं काय?

घरी येऊन बोटाचा फोटो काढला. ग्रुप उघडला. आठ बोटं येऊन पडली होती आणि खाली ओळखीचं वाक्य: "चार विकेट बाकी!" आणि मला तो फोटो टाकवेना.

आपण सॉफ्टवेअरवाल्यांना पहिल्या वर्षीच शिकवतात की नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य ही किंमत आहे. नल म्हणजे फक्त 'इथे माहिती नाही.' नलला शून्य समजून बेरीज करणारा कोड आपण रिव्ह्यूत परत पाठवतो. आणि माणसाचं कोरं बोट दिसलं की मात्र सरळ 'आळशी' असं भरून मोकळे! आळशी असतातही, नाही कशाला म्हणू. लोणावळ्याला जाणारेही असतात. पण मे महिन्यातली मी आणि नोव्हेंबरातली ती पायरीवरची मुलगी, आम्हीही त्याच रकान्यात होतो.

मी ग्रुपवर लिहिलं, "ज्यांचं बोट कोरं आहे त्यांना आज काही विचारू नका. विचारायचंच तर एवढं विचारा, बरं आहे ना सगळं?" दोन जणांनी अंगठे टाकले, मग कुणीतरी शुक्रवारच्या लंचचा विषय काढला. लीडने रात्री वेगळा मेसेज केला, "मे महिन्यात तू... सॉरी." मी लिहिलं, "अरे, तुला कसं कळणार होतं?" आणि ते खरंच होतं. मी सांगितलं कुठे होतं?

शाईची नखावरची खूण नख वाढेपर्यंत राहते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लेक झाली तेव्हाही माझ्या नखाच्या टोकाला तपकिरी रेघ होती. तिने पहिल्यांदा मुठीत पकडलं ते नेमकं तेच बोट. आता ती घरभर धावते आणि रिमोट हा फक्त तिचा आहे असं तिचं मत आहे. हिशोब करून ठेवलाय. जानेवारी २०४३ मधे ती अठराची होईल आणि १ एप्रिलच्या अर्हता तारखेला यादीत नाव लावता येईल. तिचं स्वतःचं, पूर्ण नाव.

आणि एखाद्या निवडणुकीला ती कोरं बोट घेऊन घरी आली, तर मी आधी चहा टाकीन. मग विचारीन.

तो फोटो उडवला नाही हे सांगायला नकोच. फोनमधली जागा अजून भरलेलीच आहे.